डावा खांदा

२३ एप्रिल २००६, रविवार

केदारचा सामना बघायला गेले आणि कामाला लागले. कॉव्हेंट्रीबाहेरचं रग्बी क्लबचं मैदान. वारा असा की फ्लास्कचं झाकण उडून गेलं. ह्या अमेरिकन फुटबॉलात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावं लागतं. ते मोजायला मैदानाच्या कडेला एक साखळी, तिच्या दोन टोकांना दोन काठ्या. काठ्या धरायला माणसं यजमान क्लबाने द्यायची. आज एक जण आलाच नाही. पंच म्हणाला, माणूस मिळेपर्यंत सामना सुरू होणार नाही. आडदांड पोरं चिखलात उभी आणि त्यांचे बाप एकमेकांची तोंडं बघतायत. मी जाऊन काठी हातात घेतली.

पंचाने बजावलं : साखळीवाल्यांनी ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, खेळाडूंशी बोलायचं नाही. उत्तम. एवढी शिस्त आमच्या शाळेत असती तर!

माझा केदार नेहमीसारखा बाकावर. तिसरं वर्ष. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू कुणाला द्यायचा नि कुठे फेकायचा ते ठरवणारा. सगळा खेळ त्याच्या हातून जातो. ती जागा क्रेगची, आणि क्रेग ती मेल्याशिवाय सोडणार नाही असं मला वाटलं होतं. आज तो खांद्यावर आपटला. कॉलरबोन मोडलं. शेवटची थोडी मिनिटं के. आत गेला. काही बिघडवलं नाही. त्याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

२५ एप्रिल, मंगळवार

दोन फोन, एकाच संध्याकाळी.

पहिला स्लाऊहून, लंडनजवळून. ट्रेडिंग इस्टेटमधल्या सॉफ्टवेअर कंपनीने के.ला घेतलं. डिग्री होऊन वर्ष झालं, तेव्हापासून गोदामात खोकी हलवतोय. मी देवापुढे साखर ठेवली.

दुसरा बॅरीचा, म्हणजे कोचचा. क्रेग बरा होईपर्यंत के. सुरुवातीपासून खेळणार. "यू आर माय मॅन" म्हणाला म्हणे. बॅरी आठवडाभर ड्रायव्हिंग शिकवतो. फुटपाथवर गाडी चढवणाऱ्यालाही ही माणसं "ब्रिलियंट" म्हणतात, कारण तो पुढच्या मंगळवारी परत यायला हवा असतो.

कुठल्या फोनवर के. जास्त वेळ बोलला ते लिहायला नको.

१० मे, बुधवार

रविवारी बाहेरगावी जिंकले. के. चालतो ते वेगळंच. जेवताना विचारलं, स्लाऊला काय कळवलंस?

"ते थांबतील, आई. सीझन संपेपर्यंत. नो रश म्हणाले."

आणि डावा खांदा वर गेला. मानेवर माशी बसावी तसा. कळेल न कळेल इतकाच.

सहा वर्षांचा असल्यापासून. "दात घासले" म्हणायचा, खांदा वर, आणि बाथरूममध्ये ब्रश कोरडा ठणठणीत. पुढे परीक्षेचे मार्क, सिगरेट, "लायब्ररीत होतो." दर वेळी खांदा. त्याला वाटतं आईला सगळं कळतं. मला फक्त खांदा कळतो. ह्यांनाही कधी सांगितलं नाही. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

म्हटलं, खरं सांग. मग निघालं : जूनअखेर उत्तर हवंय. सीझन ऑगस्टपर्यंत.

"मी स्टार्टर राहिलो तर मी नाही जाणार. इथे राहिलो तरच होणार ते."

म्हटलं, क्रेग परत आला की? आणि सप्टेंबरात युनिव्हर्सिटीत तो अमेरिकन मुलगा येणार म्हणतात, तिकडे कॉलेजात खेळलेला, तो तुमच्या टीमात आला की?

"रूमर आहे ती. बॅरी म्हणालाय, नेक्स्ट इयरपण मीच."

खांदा हलला नाही. म्हणजे ह्याचा खरोखरच विश्वास आहे. तेच वाईट.

२१ मे, रविवार

घरचा सामना. माझी काठी आता ठरलेली. पंच नावाने ओळखतो.

जिंकले. खेळ थोडा समजायला लागलाय. के. कधी चेंडू पळणाऱ्याच्या पोटाशी देतो, आणि कधी दिल्यासारखं करून स्वतःच्या कमरेआड लपवतो. सगळे पळणाऱ्यावर झेपावतात, तोवर हा आरामात लांब फेकतो. सगळी मजा त्या खोट्यात आहे. म्हणजे माझा मुलगा दर रविवारी चारचौघांत खोटं बोलतो आणि लोक टाळ्या वाजवतात. मी नियमाप्रमाणे वाजवल्या नाहीत.

नंतर चहाच्या टपरीशी बॅरीला गाठलं. सरळ विचारलं, ह्या मुलाला तू पुढच्या वर्षी ठेवणार आहेस की ही फक्त फटीत घातलेली पाचर आहे? तो माणूस सँडविच खाता खाता थांबला.

"ही'ज डूइंग ब्रिलियंट, मिसेस जे."

ते मी विचारलं नव्हतं. अमेरिकनाचं विचारलं.

"नथिंग साइन्ड."

शाळेत वीस वर्षं हजेरीचं काम करतेय. रोज सकाळी गैरहजर पोरांच्या घरी फोन. "नथिंग साइन्ड" हे उत्तर कुठल्या जातीचं आहे ते मला कळतं.

४ जून, रविवार

बर्मिंगहॅमची टीम. हरलो. नीट लिहिते.

त्यांचा मधला बचाववाला, मानच नसलेला, पहिला काही वेळ फसला. मग फसेनासा झाला. के.ने चेंडू दिल्यासारखं केलं की हा पळणाऱ्याकडे ढुंकूनही बघत नव्हता, सरळ के.वर. तीनदा के. माझ्या पुढ्यातच आपटला. तिसऱ्यांदा उठताना त्याने माझ्याकडे पाहिलं. मी साखळीकडे.

पुढच्या खेपेला मी चेंडू सोडून त्यालाच पाहिलं. खरंच देतो तेव्हा खांदे जागच्या जागी. देण्याचं ढोंग करतो तेव्हा डावा खांदा वर. एवढं पॅडिंग अंगावर, त्यामुळे उलट मोठं दिसतं.

त्या मानेविनाच्या माणसाला ते कळलं होतं. आपल्या सोबत्यांकडे बघून त्याने स्वतःचा डावा खांदा दोनदा उडवला आणि ते हसले. माझ्या मुलाची जी गोष्ट जगात मला एकटीला ठाऊक होती, ती ह्या परक्याने अर्ध्या तासात शोधली.

क्रेग कडेला उभा होता. हाताची झोळी निघालीय.

५ जून, सोमवार

 के.ची रात्रीची भाजी ताटात तशीच. म्हणतो, "दे जस्ट न्यू, आई. कसं काय माहीत नाही. दे न्यू एव्हरी टाइम."

मी म्हटलं, पोळी घे.

१४ जून, बुधवार

रविवारचा बाहेरचा सामनाही हरले. बातमी पसरलेली दिसते. कोच लोक आपापसांत फोन करतात. बॅरीने आज प्रॅक्टिसनंतर सांगितलं, पंचवीसला के.च सुरुवात करेल, "अँड देन वी'ल सी." क्रेग तोवर फिट. रस्त्यावर घरोघरी इंग्लंडचे झेंडे, खऱ्या फुटबॉलचा वर्ल्डकप. आमच्या घरात सुतक.

मला काही करायचं नाही. गप्प बसायचं आहे, बस. पंचवीसला हा पुन्हा आपटेल, क्रेग आत येईल, हा तीस तारखेच्या आत स्लाऊला हो म्हणेल. ऑगस्टात खोली, पगार, मार्गी लागला. मला एप्रिलपासून हेच हवंय.

हे म्हणाले, "अगं, तुला हवंय तसंच होतंय ना? मग तोंड का उतरलंय?" 

शाळेत फोन करते तेव्हा काही आया सरळ खोटं बोलतात : ताप आहे, पोट बिघडलंय. त्यांच्याशी भांडता येतं. काही आया नुसत्या गप्प राहतात, पोराला स्वतःहून पकडलं जाऊ देतात. त्यांच्याबद्दल मी स्टाफरूममध्ये काय काय बोललेय.

आणि सांगितलं तर? खांदा सरळ होईल. मैदानावरही, घरातही. मग मी कुठे बघू?

१६ जून, शुक्रवार

सांगितलं. तो भांडी विसळत होता. म्हटलं, खोटं बोलताना तुझा डावा खांदा वर जातो. मैदानावर तेच होतंय.

नळ तसाच चालू. 

"कधीपासून?"

"दात घासायला लागलास तेव्हापासून."

आधी हसला. मग हसू गेलं. "म्हणजे ते आईला सगळं कळतं वगैरे... ते एवढंच होतं?"

"एवढंच."

"आणि तू कधी सांगितलं नाहीस."

"आज सांगितलं."

हात पुसून वर गेला. कपाटाच्या आरशासमोर उभा राहिला असणार. वरच्या जमिनीची लाकडी फळी करकरत होती.

१८ जून, रविवार

सामना नाही. बैठकीची खोली मोकळी केली. हे उशी पोटाशी धरून सोफ्यावरून टीव्हीकडे धावणार, के. उशी देणार किंवा दिल्यासारखं करणार, मी दाराशी परीक्षक. ह्यांना धाप लागली तरी सोडलं नाही. "पासष्टीला मला रनिंग बॅक केलं हिने," म्हणाले, पण खुशीत होते.

खांदा काही ऐकेना. उशी लपवायला लाज वाटत नाही, खोटं बोलायला वाटते. म्हणून म्हटलं, उशी ठेव. माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोल.

"काय बोलू?"

"काहीही. पण खांदा जागेवर."

"आज मी जिमला गेलो." वर. परत. "बाबांची शेव मी नाही संपवली." वर. हे ओरडले, तरीच! परत. "क्रेग माझ्याहून चांगला आहे." हलला नाही. मी म्हटलं, हे खोटं नाही, तुला खरंच वाटतंय, दुसरं बोल. त्याचा चेहरा पडला, पण बोलत राहिला.

२३ जून, शुक्रवार

आठवडाभर हाच धडा, रोज जेवणाआधी. ज्या मुलाला मी खोटं बोलला म्हणून दाराबाहेर उभं केलंय, त्याला मी म्हणतेय : अजून सफाईने, अजून एकदा.

कालपर्यंत दहातून एखादंच खोटं पकडता येत होतं. आज एकही नाही.

२५ जून, रविवार

घरचा सामना. ऊन. काठी नेहमीची.

सुरुवातीला के. घाबरलेला, चेंडू हातातून निसटला. क्रेग कडेला हात गरम करायला लागला. बॅरीने घड्याळ पाहिलं. मग तो डाव. के.ने चेंडू पळणाऱ्याच्या पोटात दिला, पळणारा माझ्याच बाजूला आला, त्याच्यामागे समोरची अर्धी टीम, सगळे माझ्यापुढे ढीग होऊन पडले. मी पाय मागे घेतला, चेंडू कुठे थांबतो ते बघायला वाकले. ढिगात चेंडू नव्हता.

तो पार पलीकडे, उंच. के.च्या हातून केव्हाच गेलेला. खाली एकटा मुलगा दोन्ही हात पसरून.

मी के.पासून पाच पावलांवर होते आणि मी फसले. खांद्याकडेच बघत होते. तरी फसले.

ओरडले नाही. पंच माझ्याकडे बघून हसला. चेहऱ्यावर काही दिसलं असेल तर नाइलाज.

जिंकले. बॅरी स्वतःहून आला. "ही'ज माय मॅन, मिसेस जे. धिस इयर, नेक्स्ट इयर." म्हटलं, आणि अमेरिकन? डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "वेल. वी'ल ऑलवेज लुक."

बॅरीचा खांदा कुठे असतो ते मला माहीत नाही. एका खोट्यावर सामना जिंकता येतो, हे दिसलं. त्यावर वर्षानुवर्षं जागा टिकते का? समोरचेही शिकतातच.

३० जून, शुक्रवार

स्लाऊला कळवायचा शेवटचा दिवस. शाळेतून आले तर के. बाहेर. फोनजवळ कोरा कागद, पेन उघडं. विचारायला थांबले, तो उशिरा आला, मी झोपले होते. झोपले नव्हते, पण दार लावलेलं होतं.

१ जुलै, शनिवार

चहाच्या वेळी स्वतःच म्हणाला.

"काल स्लाऊला फोन केला. ऑक्टोबरपर्यंत जागा ठेवतायत. सीझन संपला की जॉइन होऊ शकतो. दे वेअर रिअली नाइस अबाउट इट."

मी खांद्याकडे पाहिलं. दोन्ही सरळ, सुताराने पट्टी लावून बघावेत असे. डोळे माझ्या डोळ्यांत.

हे म्हणाले, "वा! दोन्ही जमलं की." आणि बिस्किटाचा डबा पुढे केला.

ऑक्टोबरपर्यंत कुठली कंपनी थांबते? थांबतही असेल. मुलाखतीत आवडला असेल त्यांना. त्यांचा नंबर फ्रिजवर लावलेला आहे. आज शनिवार, कुणी उचलणार नाही. सोमवारी सकाळी तशीही मी फोनवरच असते. करीन की नाही, माहीत नाही.

त्याच्या कपात चहा ओतला. विचारलं, "दात घासलेस?"

तो मोठ्याने हसला. "घासले, आई." खांदा जागेवर.

तो बॅग घेऊन प्रॅक्टिसला गेला. मी वर बाथरूममध्ये जाऊन पाहिलं.

ब्रश ओला होता. पण ब्रश काय, नळाखाली धरला तरी ओला होतो.