करंदीला पलंगाखालीच राहू दे

नमिता,

तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी वरातीच्या फटाक्यांना घाबरून ही करंदी आपल्या घरात शिरली, ती अजून तशीच भित्री आहे. आज पाच वाजता शेजारी कृणालच्या हळदीचा बँड लागेल. मी मानखुर्दला चालले आहे, तेव्हा कुत्रीचं तुलाच बघायचं आहे.

आधी तिला फिरवून आण. मग दार-खिडक्या लाव, पंखा मोठा कर. ती पलंगाखाली गेली की ओढून काढू नकोस आणि बांधू तर मुळीच नकोस. जवळ जमिनीवर लसूण सोलत बस. माणसाचे हात कामात दिसले की ती निवते. ताशा वाजला की उकडलेल्या माशाचा तुकडा टाक, काटे काढून.

कृणालची आई काल म्हणाली, "पुतळाबाय, तुझ्या राणीसाठी बँडवाल्याला नुसती पिपाणी वाजवायला सांगू का गं?" आपल्या घरची बातमी कळली तर ती बँड दारातूनच परत पाठवील. पोराची हळद एकदाच होते. फोनवर सांगितलं असतं तर तू कामावरून रडतच गल्लीत शिरली असतीस, म्हणून लिहिलं. बँड थांबेपर्यंत कोणाला सांगू नकोस.

माझा भाऊ काशीराम आज सकाळी अकरा वाजता वारला.