ओसाकाच्या नंबरची गाडी

कामिइवा,
७ जुलै २०२३

प्रिय शुन्साकु,

अनेक आशीर्वाद. तू, युरी आणि छोटी मजेत असाल. इथे उकाडा मी म्हणतोय. उमेच्या झाडाची आंबट फळं मिठात घातली आहेत, तुझी बरणी वेगळी ठेवलीय.

करोनात बंद पडलेला गावचा उत्सव यंदा पुन्हा होणार. वस्तीचे प्रमुख होंजोकाका काल स्वतः सांगायला आले. माझा मास्क बघून हसले. "अजून तोंड बांधूनच का गं? दात पडले की काय?" आई गेली त्या वर्षी मी मास्क विसरून कचरा टाकायला गेले, तर ह्याच काकांनी भर रस्त्यात माझा उद्धार केला होता.

मग म्हणाले, "भावाला बोलाव की! पालखीला खांदे कमी पडतायत. गाडी आमच्या अंगणात लाव म्हणावं."

आमच्या अंगणात! मी विचारलं, "काका, आईच्या अंत्यविधीला तो आला, तेव्हा पुलाशी त्याच्या गाडीच्या काचेवर 'ओसाकाची गाडी, परत जा' असा कागद कोणी चिकटवला होता?"

"काळच तसा होता गं," म्हणाले.

सगळ्या गावाचं हेच पालुपद. काळानेच चिकटवला म्हणे, डिंक घेऊन! मी चहासुद्धा न विचारता दार लावलं.

तू आलास तर आपल्या घरी कोणी पाय ठेवणार नाही, असं हेच काका तेव्हा म्हणाले होते. तू आईचं तोंड न बघता परत फिरलास, ते मला ह्या गावात राहायचं होतं म्हणून. तरी आलं कोणीच नाही.

एक गोष्ट तुला आजवर सांगितली नाही. अस्थी उचलायला मी एकटीच होते. एकेक हाड दोघांनी मिळून काड्यांनी धरायचं, तर समोर स्मशानातला कर्मचारी उभा राहिला. परक्या माणसाबरोबर मी आई उचलली. शेवटचं गळ्याचं हाड घरच्यांनीच उचलायचं असतं, ते मात्र त्याला धरू दिलं नाही. म्हटलं, "हे माझा भाऊ उचलेल." ते काड्या न लावता कापडात गुंडाळून आणलं, देव्हाऱ्यात ठेवलंय. त्या हाडाचं वेगळं छोटं मडकं अजून रिकामं आहे, म्हणून आईच्या बाकीच्या अस्थीही थडग्यात ठेवलेल्या नाहीत. गाव नावं ठेवतं. ठेवू दे.

ये. पालखीसाठी नको, आईसाठी ये. तीच गाडी आण आणि काकांच्या दारावरून अगदी हळू ने. लाव मात्र आपल्याच अंगणात.

तुझ्या काड्या काढून ठेवल्यात, एक बांबूची, एक लाकडाची. ते हाड एकटीने उचलायचं नसतं रे.

आईजवळ बसलेली,
तुझी मिसाएताई