पडला नाहीत ना?

ती. वन्संना भावजयीचा वाकून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? तुमच्याकडे सगळे खुशाल आहेत असं मी धरूनच चालते, कारण नसले तरी ते ऐकून घ्यायची ताकद या घरात सध्या कुणाकडे नाही. आम्ही खुशाल आहोत. म्हणजे मी आहे. तुमच्या धाकट्या बंधुराजांबद्दल खाली सविस्तर लिहिते, बसून वाचा.

चष्मेवाल्यानं चष्मा करावा, गिऱ्हाइकाच्या नाकावर बसवावा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळावं, अशी जगाची रीत आहे. आमच्या दुकानातून चष्मा बाहेर पडला की काळजी आत येते. नंबर चुकला असेल तर? चुकीच्या नंबरामुळे त्या माणसाला पायरी दिसली नाही तर? तो जिन्यावरून गडगडत खाली आला तर? (नंबर आजवर एकदाही चुकलेला नाही. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि आमचा राक्षस तर गल्ल्यावरच बसतो.) मग बंधुराज गिऱ्हाइकांना फोन करू लागले. पडला नाहीत ना, एवढंच विचारायचं. पहिल्या फोनला लोकांना भरून आलं, असा चष्मेवाला शोधून सापडायचा नाही म्हणाले. दुसऱ्या फोनला ‘नाही’ एवढंच म्हणून ठेवून दिला. पुढेपुढे त्यांना स्वतःच्याच जिन्याची धास्ती वाटू लागली आणि भीक नको पण कुत्रा आवर म्हणत ते पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानात जाऊ लागले. तिथला माणूस चष्मा देताना मान वर करून बघतसुद्धा नाही. गर्दी सगळी तिथेच असते.

सल्ले द्यायला काही कमी लोक नव्हते. ज्यांच्या स्वतःच्या घरात कुणी कुणाचं ऐकत नाही, तेच सगळे आमच्याकडे येऊन बोलून गेले. शेजारीण म्हणाली, चांगले विचार करायचे. (जणू वाईट विचार आम्ही पिशवी घेऊन बाजारातून आणतो.) काचा पुरवणारा म्हणाला, सकाळी चालायला जा. हे गेले. चालता चालता गिऱ्हाइकांच्या घरांवरून जाऊ लागले आणि खाली उभं राहून त्यांचे जिने न्याहाळू लागले. एका घरच्यांनी पोलिसांना बोलवायची भाषा केली, तेव्हा व्यायाम थांबला.

शेवटी आमच्या गिऱ्हाइकांतल्या एक निवृत्त मास्तरीणबाई खरोखरच पडल्या. चष्म्यामुळे नव्हे. न्हाणीघरातून बाहेर येताना फोन वाजला म्हणून ओल्या पायांनी धावल्या आणि घसरल्या. फोन कुणाचा होता ते मी लिहायला नको. मनगट मोडलं, तरी बाईंनी पडल्या पडल्या दुसऱ्या हातानं फोन उचलला, इकडून नेहमीचा प्रश्न गेला आणि त्यांनी जन्मभराच्या शिस्तीनं खरं ते उत्तर दिलं. त्यानंतरचं हसण्यासारखं नाही, वन्सं. ह्यांना घास उतरेना, डोळ्याला डोळा लागेना, दुकानाचं शटर अर्धं वर जायचं आणि तिथेच थांबायचं. समोर बसलेला माणूस दिवसेंदिवस विरत चाललाय आणि आपण भाजी वाढतोय, असं वाटायचं. मला भयंकर राग आला.

मनाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की हे म्हणायचे, मी काय वेडा आहे? (दात दुखला की माणूस मुकाट्यानं दातांच्या डॉक्टरकडे जातो, मी काय बोळका आहे असं विचारत बसत नाही.) मग मी सरळ माझ्या नावानं वेळ घेतली. मला हल्ली बरं वाटत नाही, सोबत चला, म्हटलं. बायकोच्या काळजीनं हे डावी चप्पल उजव्या पायात घालून निघाले. ह्यांचीच दुखणी माझी म्हणून पढायची, म्हणजे ऐकता ऐकता ह्यांना ओळख पटेल, असा माझा बेत होता. डॉक्टरीण म्हणजे आपल्या भाचीएवढी पोरगी. मी सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. बंधुराजांना स्वतःचं एकही दुखणं ओळखू आलं नाही, मान हलवून हलवून माझी कीव करत राहिले.

मग त्या पोरीनं पाठांतरात नसलेले प्रश्न काढले. झोप लागते का? हे झोपल्याशिवाय मला कशी लागणार? फोन किती करता? फार नाही हो, दुकानात पोचलात का, डबा खाल्लात का, उत्तर का देत नाही, एवढेच. (खात्री करणं वेगळं आणि काळजी करणं वेगळं. हे मी तिलाही सांगितलं.) फोन उचलला नाही तर? छातीत धडधडतं, म्हणून आमच्या दुकानासमोरच्या औषधांच्या दुकानातून मी ह्यांच्यावर नजर ठेवते. ती लिहीतच राहिली. तेवढ्यात हे हळूच म्हणाले, डॉक्टर, आधी हिचं बघा, मला पण असंच होतं पण माझं नंतर बघितलं तरी चालेल. बेत फत्ते झाला होता आणि मी मात्र परक्या पोरीसमोर हमसून हमसून रडत होते.

तिचं म्हणणं असं, की काळजी सगळ्यांनाच वाटते, पण ती जेवण, झोप आणि काम खाऊ लागली की तिच्याशी एकट्यानं झुंजत बसायचं नाही, मदत घ्यायची. (हे सांगायला एवढं शिकावं लागतं. मी न शिकताच सांगितलं असतं, पण माझं ऐकतो कोण.) आता हे नेमानं तिच्याकडे जातात, सांगितलेलं करतात. परवा एका आजोबांना चष्मा दिला आणि संध्याकाळभर हात मांड्यांखाली दाबून बसले, पण फोन केला नाही. मला फार अभिमान वाटला. बोलून दाखवला नाही, लगेच डोक्यावर चढून बसतात.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. हे पत्र बंधुराजांना दाखवू नका.

दुसरा ता. क. त्या पोरीनं मलाही वेगळी वेळ दिली होती. दोनदा निघाले आणि दोनदा तिच्या दारातून परत आले. मी आत बसले आणि तेवढ्यात इकडे काही झालं तर?

तिसरा ता. क. वन्सं, चार दिवस याल का? ह्यांच्याजवळ बसायला नव्हे. हे जेवतात, झोपतात, शटर पूर्ण वर करतात, त्यांचं आता माझ्यावाचून अडत नाही. मी अजून समोरच्या दुकानात उभी असते. माझ्याबरोबर तिच्याकडे चला आणि मी उठू लागले तर हात धरून खाली बसवा.