काच बसवायची ती त्याच्याच हातांनी

११ जानेवारी २००२, शुक्र.
इनासने आज बायकोला पाठवलं. सख्खा धाकटा भाऊ, दोनशे पावलांवर घर, आणि स्वतः यायची हिंमत नाही. (यापुढे नुसतं इ. लिहीन. पूर्ण नावाला शाई का घालवू?)
सिसिल कागद घेऊन आली. बुजवलेल्या बावखलाच्या, आमच्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, जागेवर बिल्डरला इमारत उठवायचीय. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, म्हणून माझी सही पाहिजे. दोन वर्षांपूर्वी बावखल बुजवलं तेव्हा सही लागली नव्हती. तेव्हा नुसते डंपर लागले.
"करशील ना सही, रेजिन बाय?"
बघू म्हटलं. चहा विचारला नाही.

१३ जाने., रवि.
मिस्सात फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. पुढच्या बाकावरून इ. वळला, हात अर्धा पुढे केला. मी पिशवीत चष्मा शोधत बसले. चष्मा डोळ्यांवर होता.
बाहेर गेटपाशी गाठलंच त्याने. "बाय, गाडीची काच मी भरून देतो. मेकॅनिकपण पाठवतो. मग तर झालं?"
"तू फोडलीस, तूच बसवायची. तुझ्या हातांनी. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर सहीचं नाव काढू नकोस."
"मला काय येतं त्यातलं?"
"फोडायला कुठे शिकायला गेला होतास?"
आजूबाजूच्या बायका हसल्या. तो कानापर्यंत लाल. दिवस बरा गेला.

१४ जाने., सोम.
काल बोलून बसले, आता मागे हटणार नाही.
बाबांची पिकअप. साठ सालची, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. चालवायला बाबांनी मला शिकवलं, इ.ला नाही, कारण त्याला गाडी लागायची. नाक्यापर्यंत दोनदा उतरून ओकायचा. त्याचा राग त्याला अजून आहे असं मला वाटतं.
डंपर आले त्या दिवशी मी हीच गाडी वाटेत आडवी लावून आत बसले. इ. पहार घेऊन आला. पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे. काच सगळी माझ्या मांडीवर. बावखल तीन दिवसांत बुजलं आणि आता माझ्या विहिरीला मार्च लागला की मचूळ पाणी. मोगऱ्याला कसं घालायचं ते?
तेव्हापासून गाडी बिनकाचेचीच चालवतेय. डोळ्यांवर वेल्डिंगवाल्याचा गॉगल, मागे केळीचे घड आणि फुलांच्या टोपल्या. दोनदा भुंगा तोंडात गेला. एकदा हवालदाराने अडवलं. "मावशी, पुढची काच कुठाय?" म्हटलं, माझ्या भावाला विचारा. मुद्दाम बसवली नाही इतके दिवस. सगळ्यांना दिसू दे म्हणून.

१९ जाने., शनि.
सिसिलकडून निरोप: "येतो म्हणालेत. पण बोलणार नाहीत."
मला कुठे हवंय बोलायला?

२१ जाने., सोम.
कळंबला जाऊन भालूला भेटले. होड्यांची इंजिनं आणि जुन्या गाड्या बघतो. बाबांनंतर या गाडीची नाडी त्यालाच कळते. वाळूत बसून त्याने काडीने चित्र काढून दाखवलं.
"काच बसते रबरात, रबर बसतं पत्र्याच्या कडेवर. रबराच्या भायेरच्या खाचेत सुतळी फिरवायची, टोकं गाडीच्या आत सोडायची. एकानं भायेरून काच दाबायची, दुसऱ्यानं आतून सुतळी ओढायची. सुतळी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढतो. साबनाचं पानी भरपूर."
"एकटीने जमणार नाही?"
"नाय. समोरासमोर दोघं लागतात."
हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, मी खुर्ची टाकून बसेन आणि तो घाम गाळेल.
भालू येऊन सांगणार, पण हात लावणार नाही. "भाऊबहिनीच्या भांडनात हात घालनारा मी कोन?"
निघताना बजावलं: पत्र्याची कड बोटाने सगळीकडून चाचपा. कुठे गाठ राहिली तर काच तिथेच तडकेल.

२४ जाने., गुरु.
तीन दिवस कड खरवडतेय. जुनं रबर बिस्किटासारखं तुटतं. खाचेत त्या दिवशीचे काचेचे तुकडे अजून होते, एक अंगठ्यात गेला. रक्त बघून पुन्हा सगळा राग नव्याने आला.
खालच्या डाव्या कोपऱ्यात वेल्डिंगची जुनी गाठ आहे, बाबांच्या वेळची. कानस मारली, मनगट भरून आलं, गाठ तेवढीच. शेवटी रेड ऑक्साइडचा लाल रंग फासला वरून. आता दिसत नाही.

२८ जाने., सोम.
वालीव. रबराच्या कारखान्यात जुना तुकडा नमुना म्हणून दाखवला. तिथला माणूस म्हणाला, "मावशी, एवढं जुनं सेक्शन कशाला शोधता? गाडी भंगारात घाला." म्हटलं, तुमचं वय काय? आणि निघाले. दोन गल्ल्या सोडून अगदी तसंच मिळालं. भालूने सांगितल्याप्रमाणे दोन बोटं जास्तच कापून घेतलं, ओढून बसवलं तर नंतर आखडतं म्हणे.
काच प्लायवुडच्या नमुन्यावरून कापून घेतली. आत पापुद्रा असलेली, फुटली तरी अंगावर येत नाही ती. गादीवर निजवून आणली. बाळंतिणीलाही इतक्या हळू आणलं नसेल कुणी.

३ फेब्रु., रवि.
सगळं लिहिते.
इ. मिस्साहून तसाच आला, इस्त्रीच्या शर्टात. मुद्दाम. जणू सांगतोय, बघा, मी पाहुणा आहे. भालू अंगणातल्या दगडावर बसून विडी ओढत होता. रबर तासभर उन्हात टाकून नरम केलं, काचेवर चढवलं, सुतळी फिरवली. मी आत सीटवर, इ. बॉनेटवर गुडघा टेकून. मध्ये ती काच.
दोन वर्षांत इतक्या जवळून पाहिलं नव्हतं त्याला. केस पार गेलेत. बाबांसारखा दिसायला लागलाय, हा आणखी एक अन्याय.
भालू म्हणाला, ओढा. मी ओढली. खालची बाजू फुर्रकन चढली. इ.ने तळव्याने थापट्या मारल्या.
"हळू," मी म्हटलं.
"मला सांगू नकोस."
"पहार नाही ती, काच आहे."
तो थांबला. काचेच्या वरच्या फटीतून म्हणाला, "आणि तू गाडी माझ्या अंगावर घातलीस ते? ते सांगतेस का गावाला?"
भालूची विडी हातातच राहिली.
हो. घातली होती. पहिला गिअर टाकला होता. मला वाटलं घाबरून बाजूला होईल. तो झाला नाही, बंपर गुडघ्याला लागला, मग पहार काचेवर आली. गावाला मी सांगितलं की तो चिखलात घसरला. तोही तेच सांगत आला. का, ते मला कधी कळलं नाही. विचारलंही नाही.
"गिअरमध्येच होती गाडी," मी म्हटलं. "क्लच सुटला."
"तुझा क्लच? तीस वर्षांत सुटला नाही तो?"
मी सुतळीला हिसका दिला. खालचा डावा कोपरा. त्याच वेळी त्याची थाप. कट्कन आवाज झाला आणि कोपऱ्यापासून वरपर्यंत तडा गेला.
मग मी बोलले. "हात आहेत की हातोडे? शोभेल असं एक काम कधी झालंय तुझ्याकडून?"
तो बॉनेटवरून उतरला. डाव्या पायावर जोर न देता उतरतो, आज पाहिलं. प्लायवुडचा नमुना काखेत मारला आणि चालता झाला.
भालू पत्र्याकडे बघत होता. मी म्हटलं, चहा टाकते. तो म्हणाला, नको.

४ फेब्रु., सोम.
सिसिल सांगत होती, इ. कामाला दांडी मारून वालीवला गेलाय. दुसरी काच आणायला. मी विचारलं नव्हतं, तिने सांगितलं.
ती गाठ. मी सोडली होती.
पण थाप त्याचीच होती ना.

७ फेब्रु., गुरु.
दुपारी दार लावून, कुणी येणार नाही अशा वेळी, तो कोपरा घासला. नवी कानस आणली, तीन तास लागले. गाठ गेली. खाली पत्रा चांदीसारखा लख्ख निघाला. रंग संपला होता. तसंच ठेवलं, रबराखाली कोण बघतंय?
झोपाळ्यावर बसून मोगऱ्याच्या कळ्या खुडल्या, तर बोटं वळेनात. चिडून टोपली लाथाडली. नंतर एकेक कळी वेचली.

१० फेब्रु., रवि.
इ. आला. आज जुना सदरा. काच हातगाडीवर आणली होती, गोणपाट गुंडाळून, दोरी नीट बांधून. भालूही आला, पण आज लांबच बसला.
काच उचलण्याआधी इ. म्हणाला, "थांब." भालूने सांगितलेलं तो विसरला नव्हता. एक बोट पत्र्याच्या कडेवर ठेवलं आणि वरून डावीकडे, डावीकडून खाली, सावकाश फिरवत आणलं. मी आत बसले होते. बोट माझ्या समोरून जात होतं. खालच्या डाव्या कोपऱ्यात थांबलं.
सगळीकडे लाल रंग, तिथे लख्ख पत्रा.
त्याने बोट पुन्हा फिरवलं. नखाने खरवडलं. मग माझ्याकडे बघितलं.
"गेल्या रविवारी हे असं नव्हतं."
मी म्हटलं, "नव्हतं."
आता ओरडेल असं वाटलं. ओरडायलाच हवं होतं, सगळी वाडी कुंपणावर होती. मी मनात उत्तरंही जुळवली होती. त्याने नुसती मान हलवली, एकदा, जशी आमची वही बघून गणित चुकलं की मास्तर हलवायचे. भालूला म्हणाला, साबणाचं पाणी दे रे.
मला ते ओरडण्यापेक्षा जास्त झोंबलं. माफ करायला याला कुणी सांगितलं? मी मागितली होती?
काम केलं. तो तळवा सपाट ठेवून दाबत होता, सुतळी असेल तिथेच, तिच्या जरा पुढे. मी एका वेळी वीतभर ओढत होते. "हं," म्हणायचा. मी ओढायची. "थांब." थांबायची. एवढंच बोलणं. डावा कोपरा आला तेव्हा काचेवर त्याच्या श्वासाची वाफ दिसली आणि गेली. रबराचा ओठ पत्र्यावर चढला. मग डावी बाजू, मग वरची, मग उजवी. शेवटची वीतभर सुतळी सुटून माझ्या हातात आली आणि मी मागे सीटवर आदळले.
बसली.
भालू उठून आला, सगळीकडून बोट फिरवलं, म्हणाला, "वाईट नाय." त्याच्या तोंडून हे म्हणजे पदक.
इ. म्हणाला, "आता सही?"
म्हटलं, "आधी पाण्याची परीक्षा. गळली तर नाही."
"तू कधी बदलणार नाहीस."
"तू बदललायस?"

१२ फेब्रु., मंगळ.
सकाळी परीक्षा. इ. बाहेर पाइप घेऊन, मी आत कोरडं फडकं घेऊन. वरून, बाजूंनी, जोरात. डाव्या कोपऱ्यावर तर त्याने मिनिटभर पाइप धरून ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिला. एक थेंब आत नाही. फडकं कोरडं.
पाइप टाकून तो काहीतरी बोलायला लागला. ओठ हलत होते, मला ऐकू येईना. दोन वर्षं या गाडीत बसून मला जगातला प्रत्येक आवाज ऐकू यायचा. आज काच होती. मी दाराची काच खाली केली नाही, दारही उघडलं नाही. बोलू दे.
कळलं बहुतेक त्याला. खिशातून कागद काढला, उलगडला, वायपरखाली अडकवला. अक्षरं माझ्याकडे. काच ओली, कागद तिला चिकटला. तो बाजूला झाला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.
महिनाभर तो कागद मी हातात घेतला नव्हता. आज वाचावाच लागला, दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. बाबांचं नाव. मग इ.चं. मग माझं, कुमारी रेजिना. खाली लिहिलंय, बावखल "पूर्वीपासून पडीक व कोरडे". याच्यावर सही करायची. याच पाण्यात याला पोहायला मी शिकवलं होतं, कंबरेला दोर बांधून.
आणि खाली त्याच्या सहीची जागा. तीही कोरी. त्याने अजून केलेली नाही. मला वाटत होतं त्याने केव्हाच केली असेल.
त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत होता.
मी गाडी चालू केली. पहिला गिअर टाकला. तो जागचा हलला नाही. मी उलटा गिअर टाकून मागे घेतली, वळवली आणि वाटेला लागले. फुलांची वेळ झाली होती. कागद फडफडत राहिला, तरी सुटला नाही. बावखलाच्या भरावाभोवतीच्या पत्र्याच्या कुंपणापाशी गाडी थांबवली. वायपरच्या बटणावर बोट होतं.
दाबलं नाही. उतरून काढलाही नाही. तसाच स्टेशनला नेला, तसाच परत आणला. आत्ता गाडी अंगणात उभी आहे, कागद काचेवर आहे. उतरताना दिसलं, इ. त्याच्या ओट्यावर उभा राहून इकडेच बघतोय.