आईचे चार केस

अहो घरचे इंजिनिअर,

प्लंबर कॅमेरा घेऊन आला होता. मोरीच्या पाइपातून त्याने तो पार उताराच्या वळणापर्यंत सोडला. तिथे केस नव्हते, सिमेंटचा गोळा होता. फरशी बसवलीत तेव्हा बाहेर गारठा म्हणून घमेलं मोरीतच धुतलंत, आठवतंय? प्लंबर हसला. मला हसू आलं नाही.

महिनाभर माझ्या आईला ऐकवलंत, "तुमच्या केसांनी पाइप तुंबतो." तिच्या डोक्यावर मोजून चार केस. तेही कापून ती बिचारी दादाकडे निघून गेली.

तिला आणायला चालले आहे. व्हिडिओ तुमच्या फोनवर पाठवलाय, जेवताना बघा. संध्याकाळपर्यंत पाइप मोकळा करून घ्या, तिच्या अंघोळीचं पाणी तापवून ठेवा.

तिला कमी ऐकू येतं. माफी मोठ्याने मागा, शेजारी ऐकू गेलं तरी चालेल.