अहवालाचं दुसरं पान

प्रिय खारूताई,

या नावानं तुला हाक मारणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून एकोणतीस वर्षांच्या इंजिनिअर बाईंना मी हक्कानं तेच लावते आहे. सात वर्षांची होतीस, बाबांबरोबर ऑफिसात आलीस की माझ्या ड्रॉवरमधली खोडरबरं लंपास करून खिडकीतल्या कुंडीत पुरायचीस. आता तू म्हणशील, हातात फोन असताना मावशी पत्र काय लिहीत बसली? अगं, फोनवर बोलायला गेले की माझी जीभच वळत नाही. परवा बोलता बोलता दारावर कुणी आलंय म्हणून मी फोन ठेवला ना, दारावर कुणी नव्हतं.

तब्येत बरी आहे. डॉक्टर म्हणतात, फिरा, कमी चिडा. पहिलं जमतं. दवाखान्यातून येऊन आज बारा दिवस झाले, पण तिथली ती खोली काही माझ्या डोक्यातून जात नाही. कारण तू पाहिलंसच. माझ्या उशाशी सलाईनच्या खांबावर अडकवलेला पंप आपल्याच कंपनीचा होता. ज्या यंत्राच्या पहिल्या आवृत्तीवर मी चार वर्षं घासली, त्याचंच धाकटं भावंड माझ्या हातात थेंब थेंब औषध सोडत होतं. पडद्यावर आकडे, कोपऱ्यात हिरवा दिवा. लोक दिवा हिरवा बघून निश्चिंत होतात. मी तीन दिवस त्या दिव्याकडे पाठ करून नळीतला थेंब बघत होते. पडला. पुन्हा पडला. थेंबाला जरा उशीर झाला की मी उठून बसायची. नर्सला मी इतक्यांदा हाका मारल्या की ती मला तपासनीस आजी म्हणायला लागली. तिला काय सांगणार, की दिवा हिरवा असताना पंप बंद पडलेला असू शकतो आणि हे मला पक्कं माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी तू आलीस. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडलास आणि नव्या पंपाच्या कर्नलची यादी माझ्यापुढे धरलीस. इतक्या वर्षांनी ती यादी बघितली, पण रंगरूप तेच. यंत्राचा सगळा कारभार चालवणारा हा गाभा बांधायच्या आधी शेकडो पर्याय निवडायचे, हवं त्यापुढे खूण, नको ते रिकामं. आणि सगळ्यात शेवटी डीबगिंगचं दालन. आतल्या चुका पकडणारे पहारेकरी सगळे तिथे बसलेले. तू म्हणालीस, साहेब म्हणतात दवाखान्यांत जाणाऱ्या रिलीजमध्ये हे सगळं बंद करून टाक, यंत्र जलद सुरू होईल. तू असतीस तर काय केलं असतंस, मावशी? मग लॅपटॉप मिटून तू खालच्या आवाजात म्हणालीस, की तुला त्या यादीवर सही करवत नाही. बाबांनी अशीच सही केली आणि एक बाई आयुष्यभरासाठी अधू झाली. तुझ्या हातात त्यांचाच हात आहे असं तुला वाटतं. महिनाअखेरीला राजीनामा देणार, कॉलेजात शिकवायला जाणार. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि विषय बदलला. बाई गं, मी विषय बदलण्यात किती तरबेज आहे हे तुला अजून माहीत नाही.

तुझ्या बाबांना ऑफिसात सगळे फौजदार म्हणायचे. कोडची एकेक ओळ उभी करून तिची उलटतपासणी घ्यायचे, दुसरं काय. यंत्रानं चुकांचा अहवाल छापला की आम्ही सगळे वरून वाचायचो, ते खालून. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, वरच्या ओळीत जो सापडला त्याचं नाव असतं, ज्यानं केलं त्याचं नाव खाली असतं. तुलाही त्यांनी वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायला लावलं होतं, तू आजही तसंच वाचतेस, दवाखान्यात मी बघितलं.

आमच्या पंपात दोन लॉक होते. एक मोटरचं, एक अलार्मचं. एका घरात दोन किल्ल्या असाव्यात आणि काम करायला दोन्ही लागाव्यात, तसं. एकानं पहिली किल्ली घेऊन दुसरीची वाट बघायची, दुसऱ्यानं दुसरी घेऊन पहिलीची, की झालं, दोघेही जन्मभर उभे. म्हणून तुझ्या बाबांनी भिंतीवर चिठ्ठी चिकटवली होती: आधी मोटर, मग अलार्म. मोटरचं कोड त्यांचं, अलार्मचं माझं. यादीत एक पहारेकरी असा होता की लॉक घेण्याचा क्रम उलटा झाला तर यंत्र अडकण्याच्या आधीच बोंब मारायचा. दुसरा असा की यंत्र खरंच अडकलं तर भोंगा वाजवून ते पुन्हा सुरू करायचा. दोघे चालू असले की पंप सुरू व्हायला चाळीस सेकंद लागायचे आणि बटण दाबलं की पडदा झोपेतून उठल्यासारखा हलायचा. सोमवारी वॉर्डात पंपाची चाचणी होती. साहेब रोज येऊन घड्याळ लावायचे.

त्या शनिवारी फौजदार रजेवर होते, तुला कांजण्या आल्या होत्या. हे वाचून लगेच स्वतःला दोष लावून घेऊ नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे. जाताना त्यांनी माझ्या टेबलावर पर्यायांची यादी ठेवली होती आणि दोन्ही पहारेकऱ्यांना लाल पेन्सिलीनं गोल करून लिहिलं होतं, मला विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. दुपारी बाराच्या सुमाराला पहिल्या पहारेकऱ्यानं बोंब मारली. लांबलचक अहवाल, छापला तर दोन पानं. मी वरची ओळ वाचली. त्यात तुझ्या बाबांच्या मोटरच्या फंक्शनचं, म्हणजे त्यांच्या कोडच्या तुकड्याचं, नाव होतं. मी मनात म्हटलं, याचं याला बघू दे सोमवारी, आणि असल्या खोट्या आरोळ्या रोजच्याच. फोन उचलला असता तर ते नाही म्हणाले असते, म्हणून उचलला नाही. दोन्ही खुणा मी काढल्या. कर्नल नव्यानं बांधला. पंप पंधरा सेकंदांत सुरू झाला, साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी सकाळी फौजदारांनी मला विचारलं, यादी आहे तशीच ना? मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या शब्दावर सही केली.

पुढचं तुला माहीत आहे, म्हणजे तुला जेवढं सांगितलं गेलं तेवढं माहीत आहे. नवव्या दिवशी पंप अडकला. शिवणकाम करणारी बाई होती ती, रक्तदाब टिकवायचं औषध त्या पंपातून चाललं होतं. अर्धा तास एक थेंब पडला नाही. पडद्यावर शेवटचे आकडे तसेच थिजलेले, दिवा हिरवागार. ती वाचली, पण मेंदूला रक्त कमी पडून उजवा हात कायमचा लुळा पडला. तुझे बाबा दर महिन्याला तिच्याकडे जायचे, तुला न्यायचे. कापडाच्या चिंध्यांत बसून तू बाहुल्या करायचीस हे तूच मला सांगितलंस. डाव्या हातानं चालवता येईल असं तिचं मशीन त्यांनी बदलून दिलं. मी एकदाही गेले नाही. तिच्या दुकानावरून जायचं टाळण्यासाठी मी बावीस वर्षं भाजी लांबच्या बाजारातून आणते.

चौकशीला बाहेरची तीन माणसं आली. पहारेकरी पुन्हा चालू करून कर्नल बांधायचं काम माझ्याकडे दिलं, आणि दहाव्या मिनिटाला तोच अहवाल आला. या खेपेला मी शेवटपर्यंत वाचला. पहिल्या पानावर, वर, फौजदारांचं फंक्शन: हे मोटरचं लॉक धरून अलार्मचं मागताना सापडलं. म्हणजे भिंतीवर लिहिल्याप्रमाणे, अगदी बरोबर. दुसऱ्या पानावर, खाली, आधी क्रम मोडणाऱ्याचं नाव: अलार्मचं लॉक धरून मोटरचं मागणारं फंक्शन. ते माझं होतं. घाईच्या एका आठवड्यात मी चिठ्ठीकडे न बघता लिहिलेलं. मी छापील कागद वेगळे केले आणि समितीला पहिलं पान दिलं.

तुझे बाबा माझ्या समोर बसले होते. त्यांना विचारलं, हे फंक्शन तुमचं का? ते हो म्हणाले. रिलीजवरची सही तुमची का? त्यालाही हो म्हणाले. मग त्यांनी ते पान उलटून बघितलं. मागे कोरं. त्यांनी टेबलावर इकडेतिकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. एकदाच. मी मूग गिळून बसले. त्यांनी पान खाली ठेवलं, कडेला कड जुळवून, आणि पुढे एक अक्षर बोलले नाहीत. खापर त्यांच्यावर फुटलं. आठवड्यानं टेबल रिकामं करून गेले. भिंतीवरची चिठ्ठी मात्र काढायची विसरले, की मुद्दाम ठेवली, कोण जाणे. मी तिच्यासमोर अकरा वर्षं बसले.

का बोलले नाहीत, हे मी स्वतःला हजारदा विचारलं. माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती आणि घरात मिळवणारी मी एकटी, हे त्यांना माहीत होतं, म्हणून असेल. आपण न तपासता सही केली याचीच त्यांना लाज वाटली असेल. की मी आपण होऊन उठेन म्हणून थांबले होते? हे शेवटचं मला सोडत नाही. आजही समोरच्याचं बोलणं मध्येच थांबलं की मला वाटतं, ते वाट बघताहेत. रिकाम्या खोलीत शिरले तरी वाटतं.

ते जाण्याच्या आदल्या वर्षी एकदा घरी आले होते. दुपारचा चहा झाला, तुझ्या निकालाचं कौतुक झालं. निघताना दारात वाकून चप्पल घालता घालता त्यांनी विचारलं, जुने कागद काही ठेवलेस का गं? मी म्हटलं, छे, सगळे रद्दीत घातले. ते बरं म्हणाले. जिन्याच्या वळणावर एकदा हात केला आणि गेले. मी त्यांना पाहिलं ते तेव्हा शेवटचंच. दारावर कुणी आलंय असं मला अधूनमधून वाटतं ना, ते त्या दिवसापासून.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते कामाचं आहे. लॉकचा क्रम बघणारा पहारेकरी यंत्राला संथ करतो, रिलीजमध्ये तो बंद केलास तर चालेल. पण त्याआधी काही आठवडे तो चालू ठेवून पंप राबव आणि त्याचा प्रत्येक अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाच. अडकलेल्या यंत्राला हलवून जागं करणारा दुसरा मात्र कधीच काढू नकोस, साहेबांनी घड्याळ लावलं तरी. आणि हे सगळं झालं की यादीवर सही कर. तुझ्या हातात फौजदारांचा हात आहे हे खरंच आहे, आणि तसा हात त्या ऑफिसात दुसऱ्या कुणाचाच नव्हता. राजीनाम्याचं पत्र फाडून टाक. राजीनामा ज्या बाईनं द्यायला हवा होता ती आरामात निवृत्त झाली, फुलांचा गुच्छ घेऊन. या पत्राची एक प्रत मी आज कंपनीला पाठवली आहे आणि एक त्या शिवणाऱ्या बाईंना. तिकडून जे यायचं ते येवो. तू मला पुन्हा मावशी म्हणावंस असं मी मागत नाही, मागायला तोंड नाही. तुझ्या बाबांशी मी दारात उभी राहून खोटं बोलले, खारूताई. कागद रद्दीत घातला नव्हता. बावीस वर्षं तो माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली होता. पाकिटात बघ, या पत्राच्या मागे घडी करून ठेवला आहे. पान दुसरं. खालून वाच.

तुझीच म्हणायला आज हात अडखळतो, तरी तुझीच,
मावशी