श्वासाची शेजारीण

मी, खाली सही करणारी, वयाने सत्तरी ओलांडलेली, धंद्याने गायिका (आता निवृत्त), राहणार याच घरी वरच्या मजल्यावर, असे लिहून ठेवते की माझी फुप्फुसे थकली असली तरी डोके शाबूत आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करत आहे आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. भाच्याने आणून पाहिले, पण तो मुळात प्रेमळ असल्यामुळे त्याला ते जमले नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात घर सरळ भाच्याला दिले होते आणि ते त्याच्या पक्के लक्षात आहे.

वकीलबाईंनी बजावले आहे की कलमे सुटसुटीत लिहा. प्रयत्न करते. पण जिने जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी गायल्या तिला शेवटी स्वतःच्या चार ओळी जास्त लिहू द्याव्यात.

कलम १. ओळख.

मोठ्या सभागृहातल्या पगारी गायकवृंदात मी दुसऱ्या रांगेत, खालच्या सुराच्या बायकांमध्ये उभी राहत असे. आमच्या धंद्यात नाव होत नाही. एखादीचा आवाज वेगळा ऐकू आला की वृंदनायक हात थांबवून विचारतो, "कोण ती? मिसळा जरा!" म्हणजे जी ऐकूच येत नाही ती चांगली गायिका. माझा एकटीचा आवाज कुठेही नोंदलेला नाही. वृंदाच्या तबकड्या आहेत, त्यांत मी आहे, पण मला त्यातून वेगळे काढणे म्हणजे चहातून साखर काढण्यासारखे आहे.

माझा नवरा त्याच सभागृहात सुतार होता. कार्यक्रम संपला की पडद्याआडून येऊन म्हणायचा, "आज फार छान गायलीस."

"तुला काय ऐकू आलं?"

"काहीच नाही. म्हणून तर म्हणतोय."

असा माणूस पुन्हा मिळायचा नाही. तो गेल्यावर मी बरेच दिवस गुणगुणणेसुद्धा सोडले होते.

कलम २. हत्यारे.

नवऱ्याचे रंधे, करवती, पटाशा आणि हातोडे भाच्याला द्यावेत. भाचा दातांचा डॉक्टर आहे. त्याला भिंतीत सरळ खिळा ठोकता येत नाही, पण लहानपणी तो तासन्‌तास भुशात बसून आपल्या काकांचे हात बघत असे. वापरता आली नाहीत तरी हत्यारांना तेल लावत जावे. नवऱ्याने माझ्यासाठी बनवलेला लाकडी ठोकळा या कलमात येत नाही. त्याचे पुढे बघू.

कलम ३. काळा झगा.

कार्यक्रमात घालायचा माझा काळा पायघोळ झगा खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना द्यायचा होता. त्यांनीच तो शिवला आणि पोट भरून श्वास घेता यावा म्हणून कमरेत दोन बोटे सैल ठेवला. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नसते असे वकीलबाई म्हणतात, आणि शिंपीकाका तर साक्षीदार आहेत. म्हणून झगा आजच त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "बाई, आता हा बारीक करावा लागेल, तुम्ही वाळलात." मी म्हटले, "कुणासाठी बारीक करताय?" मग आम्ही दोघांनी विषय बदलला.

कलम ४. माझा राग, आणि तो का आहे.

हे कलम लांबणार आहे.

वृंदात माझ्या शेजारी टाचणी उभी राहायची. उंच, सडपातळ आणि बोलली की टोचणारी, म्हणून टाचणी. ती मला बुटकी म्हणायची. माझे डोके तिच्या खांद्याच्याही खाली येई आणि मला तिचा श्वास ऐकू येत नसे, म्हणून नवऱ्याने तो ठोकळा करून दिला. त्यावर उभी राहिले की माझा कान तिच्या तोंडाशी यायचा.

श्वास ऐकू येणे हा आमच्या कामाचा पायाच. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर गाणे फाटते. म्हणून लांब सुरात शेजारणी वाटून घेतात. एक श्वास घेते तेव्हा दुसरी सूर धरून ठेवते, मग दुसरी घेते तेव्हा पहिली. ऐकणाऱ्याला वाटते, या बायकांना श्वास लागतच नाही. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट एका ओळीने होत असे, "दिवा विझो, घर राहो". "विझो"च्या मध्यावर मी श्वास घेई आणि टाचणी धरे. "राहो"च्या मध्यावर ती घेई आणि मी धरी. आमचे केस पिकू लागले तरी यात बदल झाला नाही. लग्नात इतकी शिस्त नसते.

मग नवा वृंदनायक आला. हातातली काठी सारखी हलवायचा म्हणून आम्ही त्याला छडी म्हणत असू. तोवर आमची वर्षाची परीक्षा जोडीने होई. छडीने ठरवले की प्रत्येकाने पडद्याआडून एकटे गायचे, म्हणजे तोंड बघून वशिला चालणार नाही. कल्पना वाईट नव्हती. गाण्यातला माणूस होता, फक्त माणसातला नव्हता.

माझी पाळी आली. बाकीच्या बायका दाराबाहेर बाकावर ओळीने बसलेल्या. मी तीच शेवटची ओळ गायले आणि "विझो"च्या मध्यावर, आयुष्याची सवय, श्वास घेतला. एकटीने गाताना तिथे सूर तुटायला हवा होता. तुटला नाही. दाराबाहेर टाचणीने तो धरला, तीही सवयीनेच. मी श्वास घेऊन परतले, तिने सोडला. आम्हा दोघींना काही वावगे वाटलेच नाही. वाटले ते छडीला, कारण सूर पडद्यामागून निघून दारापर्यंत जाऊन परत आला होता.

"बाहेर कोण गातंय?"

"कोणी नाही. मीच."

"तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी आहात का, बाई?"

"आवाज मोठा आहे माझा."

शिपाई फिस्‌कन हसला, आणि तिथेच सगळे बिघडले. छडी म्हणाला, "एक तर नाव सांगा, नाही तर घरी जा." मी घरी गेले. टाचणीच्या पगारावर तिची आंधळी आई जगत होती, माझ्याकडे नवऱ्याचा पगार होता. शिवाय नाव गुन्हेगाराचे सांगतात. तिने काय गुन्हा केला होता? मी पडत होते, तिने सावरले.

टाचणी पुढे बरीच वर्षे गात राहिली. बाकावर त्या दिवशी ती गप्प बसली ती आईपायी, हे मला न सांगता कळले होते. पण तिला स्वतःला ते काही पटेना. ती माझ्या घरी यायची थांबली. रस्त्यात दिसले तर पलीकडच्या बाजूला जायची. नवरा गेला तेव्हा सगळ्यांच्या मागे उभी राहिली आणि न बोलता निघून गेली. माझा तिच्यावर राग आहे तो याचा. गाणे गेले ते सोसले, शेजार गेला तो सोसवला नाही.

छडीला मी माझी जुनी छत्री देते. तिच्या काड्याही त्याच्याच काठीसारख्या कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यात जातात.

कलम ५. घर.

गेल्या महिन्यात मी दवाखान्यात होते. डॉक्टर नळीत फुंकायला लावून "अजून, बाई, अजून" म्हणत होते आणि यंत्राचा काटा हलत नव्हता. संध्याकाळी दाराबाहेरच्या बाकावर कोणीतरी येऊन बसले. चेहरा दिसत नव्हता. पण श्वास ऐकला आणि ओळखला.

"टाचणे, आत ये."

"नको. इथं बरी आहे मी."

"किती वर्षं दाराबाहेर बसणार आहेस?"

मग म्हणाली, "तुझं गाणं माझ्यामुळं गेलं, बुटके. आणि मी तोंड उघडलं नाही."

"उघडलंस की. तेच तर नडलं."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडले, पण मला खोकला आल्यामुळे ते खपून गेले. मग कळले की तिची आई कधीच गेली, ती राहते ती इमारत पाडणार आहेत, आणि ती दूर कुठल्याशा पुतणीकडे जायला निघाली आहे. त्या पुतणीचे नाव सांगतानासुद्धा तिला आठवावे लागले.

मी म्हटले, "माझ्याकडे चल. पुढची खोली रिकामी आहे."

"कोणत्या तोंडानं येऊ?"

"ज्या तोंडानं गातेस त्याच तोंडानं."

ती उठून निघून गेली. दोनदा निरोप धाडला, दोनदा नाही म्हणाली. जिवंत माणसाशी वाद घालता येतो. म्हणून आता हे लिहिते.

माझ्यामागे या घरात टाचणीने तिच्या हयातीपर्यंत राहावे. तिच्याकडून भाडे घेऊ नये. तिला कोणी हलवू नये. तिच्यानंतर घर भाच्याचे.

वकीलबाईंनी विचारले, "नातं काय लिहू?" मी म्हटले, "श्वासाची शेजारीण." त्या म्हणाल्या, "असं नातं कायद्यात नाही." मी म्हटले, "मग कायद्याला सांगा." शेवटी त्यांनी "स्नेही" लिहिले आहे. शब्द फिका आहे, पण चालेल.

भाचा म्हणाला, "मावशी, ती यायचीच नाही. हट्टी आहे." त्यावरही उपाय केला आहे. टाचणीने इथे राहायला नकार दिला, किंवा आली आणि माझ्या वर्षश्राद्धापर्यंतही टिकली नाही, तर हे घर भाच्याला न मिळता छडीला मिळेल. पुढच्या खोलीत त्याने पडदा लावून परीक्षा घ्याव्यात. हे कलम वाचून दाखवले तेव्हा भाच्याचा जबडा असा उघडला की त्याचेच दात तपासता आले असते. मग म्हणाला, "मावशी, तिचं सामान मी स्वतः डोक्यावरून आणतो." टाचणी हे वाचेल तेव्हा मला काय काय शिव्या देईल ते मला तोंडपाठ आहे. द्याव्यात. पण घरात बसून द्याव्यात.

कलम ६. बँकेत जे असेल त्यातून दवाखान्याचे भागवून उरलेले भाच्याच्या मुलीला द्यावे. गाणे शिकण्यासाठीच वापरावे अशी अट नाही. ती बेसूर आहे आणि आनंदी आहे. तिला तसेच राहू द्यावे.

कलम ७. ठोकळा.

ठोकळा टाचणीचा. तिला त्याची गरज नाही, ती आधीच खांबाएवढी आहे. त्याचे काम एकदाच आहे, ते सांगते.

माझ्यामागे वृंद बोलावू नये, भाषणे करू नयेत. पुढच्या खोलीत ठोकळा ठेवावा आणि त्याच्या शेजारी टाचणीने उभे राहावे. आपली शेवटची ओळ तिने एकदा गावी. आवाज चिरकला तरी हरकत नाही, माझा तर आता तेवढाही उरलेला नाही.

टाचणे, हे तुला. "विझो" पूर्ण धर, नेहमीसारखा. "राहो"च्या मध्यावर पोचलीस की तुझ्या जागी श्वास घे. भीतीने ओळ लवकर संपवू नकोस, श्वास चोरू नकोस, पोटभर घे. तिथे सूर तुटेल. भाचा दचकेल, शिंपीकाका मान खाली घालतील. तुटू दे. दाराबाहेरून कोणी धरणार नाही. मग पुढे गा.

जन्मभर मी अशी गायले की मी गाते हे कोणाला कळले नाही. त्या जागी मी होते. एकदा लोकांना ऐकू दे.

येणेप्रमाणे सर्व मजकूर वकीलबाईंनी मोठ्याने वाचला, मी ऐकला, दोन ठिकाणी हसले, एका ठिकाणी पाणी मागितले, आणि तो माझाच आहे असे म्हणून खाली सही केली. सही वाकडी आली ती अशक्तपणामुळे. मनात शंका नाही.

लिहून ठेवणार: सही (वृंदाच्या पगारपत्रकावर करत असे तीच)

साक्षीदार: १. छातीचे डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत आणि मलाच श्वास कसा घ्यावा ते शिकवत आहेत, असे प्रमाणित करतो. सही

२. खालच्या मजल्यावरचे शिंपी. झगा मिळाला. बारीक करणार नाही. सही

ठिकाण: पुढची खोली, खिडकीजवळ, जिथे टाचणीचा पलंग येईल तिथे.

दिनांक: आजचा, गुरुवार, चहाच्या वेळेआधी.